नेपल्स सोडून सगळं

नेपल्सच्या गाइडांच्या धंद्याचा दोन-अडीचशे वर्षांचा माग काढला की एक गंमत लक्षात येते. नेपल्स दाखवायचं म्हणजे पाहुण्याला नेपल्सबाहेर काढायचं, असा इथला रिवाज होता. आज व्हेसुव्हियस, उद्या पाँपेई, परवा बोटीनं काप्री. संध्याकाळी परत समुद्राकाठच्या हॉटेलात. मधलं शहर घोडागाडीतून आणि पुढे बसच्या काचेतून दिसेल तेवढंच. नेपल्स पाहावं आणि मग खुशाल मरावं, ही म्हण जगभर पसरली खरी, पण ती मिरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डोळे भरून पाहिलं होतं ते आखात. गल्ल्यांत शिरायची छाती थोड्यांचीच.

सुरुवात ज्वालामुखीपासून करावी लागते, कारण संघटित गाइडगिरी इथे त्याच्याच पायथ्याशी रुजली. जर्मन कवी गटे १७८७ च्या मार्चमध्ये व्हेसुव्हियसवर एकदा नव्हे, तीनदा गेला. रेझिना गावापर्यंत (म्हणजे आजचं एर्कोलानो) गाडी, पुढे खेचर किंवा गाढव, आणि शेवटचा भुसभुशीत राखेचा चढ पायी. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरायचं. म्हणून वाटाड्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा असे. पाहुण्यानं तो दोन्ही हातांनी धरायचा आणि वाटाड्यानं त्याला ओढत न्यायचं. ज्यांना तेवढंही झेपत नसे त्यांच्यासाठी डोलीवाले हजर. वर पोचल्यावर गाइड लाव्हाच्या भेगेवर अंडी शिजवून देत, मऊ लाव्हात नाणं दाबून त्याचा ठसा विकत. प्रवाशांच्या वर्णनांत या रेझिनाकरांबद्दल तक्रारीच फार: पिच्छा पुरवतात, ठरल्यापेक्षा जास्त मागतात, उतरताना पुन्हा हात पसरतात. मला मात्र त्यांचा राग येत नाही. ज्या डोंगरानं आजोबांची द्राक्षबाग गिळली, त्याच डोंगरावर नातवानं चार पैसे मिळवले तर बिघडलं कुठे?

या मंडळींच्या पोटावर पाय आला तो १८८० च्या जूनमध्ये. शंकूच्या उतारावर दोरानं ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी सुरू झाली. डबे दोन, एकाचं नाव ‘व्हेसुव्हियो’, दुसऱ्याचं ‘एत्ना’. एक वर निघाला की दुसरा खाली. राखेतली ती जीवघेणी चढण काही मिनिटांवर आली. लोक या यंत्राला बिचकू नयेत म्हणून पेप्पीनो तुर्कोनं शब्द लिहिले, लुइजी देन्झानं चाल लावली, आणि ‘फुनिकुली फुनिकुला’ त्याच वर्षीच्या पिएदिग्रोत्ताच्या जत्रेत गाजलं. (काही वर्षांत रिखार्ड श्ट्राउसनं ते लोकगीत समजून आपल्या सिंफनिक फँटसीत बसवलं. जाहिरातीच्या गाण्याला याहून मोठी पावती कोणती?)

सोय पर्यटकांची झाली. पट्टेवाले, गाढववाले, डोलीवाले बसले हात चोळत. ते नुसते बसून राहिले नाहीत. दशकाच्या अखेरीस लंडनच्या थॉमस कुक कंपनीनं ही गाडी विकत घेतली, तेव्हा गाइडांनी प्रत्येक प्रवाशामागे आपला वाटा मागितला. नाही म्हटल्यावर स्टेशन जाळण्यापासून दोर तोडण्यापर्यंत मजल गेल्याचं सांगतात. शेवटी कंपनीला त्यांच्याशी बसून तडजोड करावी लागली. टॅक्सीवाले आणि ॲपवाले यांची भांडणं आपण हल्ली बातम्यांत पाहतो. तीच ही, फक्त जळत्या डोंगरावरची. कुकनं १९०३ मध्ये पायथ्यापासून विजेची रेल्वेही जोडली. पण खरा मालक वेगळाच होता. त्यानं १९०६ च्या एप्रिलमध्ये सगळं उद्ध्वस्त केलं, लोकांनी पुन्हा उभारलं, आणि १९४४ च्या मार्चमध्ये त्यानं ते कायमचं मोडून टाकलं. १९५३ पासून तीसेक वर्षं खुर्च्यांचा पाळणा चालला. आता बस वरच्या वाहनतळापर्यंत जाते आणि उरलेली वाट पुन्हा पायीच. पट्टा तेवढा गेला.

पाँपेईची गोष्ट जास्त शिस्तीची. उत्खनन १७४८ चं, पण सुरुवातीला तिथे शिरायला राजदरबारचा परवाना लागे. जुझेप्पे फियोरेल्ली १८६३ मध्ये प्रमुख झाला आणि त्यानं सरळ तिकीट लावलं: पैसे भरा, आत या, मग तुम्ही सरदार असा की शिंपी. राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांचे आकार काढायची युक्तीही त्याचीच. गाइडांच्या हाती मात्र एक जुनं अस्त्र उरलं, ते म्हणजे किल्ली. वेत्ती बंधूंच्या घरातलं चावट चित्र कुलपाआड असे. चिरीमिरी दिली की कुलूप उघडे, तेही फक्त पुरुषांसाठी; बायका बाहेर उन्हात उभ्या.

काप्रीची निळी गुहा प्रसिद्ध झाली ती १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश नावाचा जर्मन चित्रकार आत पोहून गेल्यावर. तिथल्या कोळ्यांना ती आधीपासून ठाऊक होती, पण भुताटकीची म्हणून ते टाळत. आज तेच कोळी, म्हणजे त्यांचे पणतू-खापरपणतू, पर्यटकांना होडीत उताणं झोपवून, साखळीला हिसका देऊन, मीटरभर उंचीच्या तोंडातून आत घेतात आणि पाच मिनिटांत बाहेर काढतात.

आपल्याकडच्या लोकांनाही नेपल्स असंच तासांच्या हिशेबात भेटलं. विमानप्रवास आवाक्याबाहेर होता त्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या लॉइड त्रिएस्तिनोच्या बोटी जिनोआला जाताना नेपल्सला लागत. विलायतेला शिकायला निघालेल्या पोरासोरांचं युरोपातलं पहिलं पाऊल कित्येकदा याच धक्क्यावर पडे, आणि बोट उभी आहे तेवढ्यात पाँपेई उरकता येई. गंमत अशी, की पाँपेईत आपलं जे आहे ते पाँपेईत नाहीच. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची, वीतभराहून थोडी उंच, दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्री सापडली. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती बहुधा लक्ष्मी नसून यक्षी असावी. तिच्या जवळच्या नात्यातल्या मूर्ती मिळाल्या आहेत जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. सातवाहनांच्या बाजारपेठांमधून माल रोमन जगात जात होता, त्याच्या या खुणा. ती ठेवली आहे नेपल्स शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात. पाँपेईची उत्तमोत्तम मोझेइक आणि भित्तिचित्रंही तिथेच. म्हणजे पाँपेईची एक दिवसाची सहल करणारा माणूस भिंती पाहून येतो. भिंतींवर होतं ते शहरात राहतं.

आणि शहरात थांबायचं नाही, यावर तर सगळ्यांचं एकमत होतं. १९७३ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, १९८० मध्ये भूकंप, मग कामोर्रा या इथल्या माफियाच्या टोळीयुद्धांच्या बातम्या, २००८ च्या सुमारास रस्त्यांवर कचऱ्याचे डोंगर. रोमहून पहाटे निघालेली बस पाँपेई दाखवून रात्री रोमला परते आणि नेपल्स खिडकीतून ‘ते बघा’ म्हणून दाखवी. आपल्याकडच्या इटली सहलींत तर रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस एवढं झालं की देश संपतो.

पारडं फिरायला लागलं ते १९९४ पासून. जी-७ ची बैठक नेपल्सला भरली, त्या निमित्तानं प्लेबिशितो चौकातला मोटारींचा तळ हलला. पुढच्याच वर्षी जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण खरा बदल सरकारी नाही. त्यासाठी सानिता वस्तीत जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच राजवटीनं या वस्तीच्या डोक्यावरून पूल नेला आणि तेव्हापासून शहर तिच्यावरूनच जात राहिलं, तिच्यात उतरलं नाही. २००६ मध्ये तिथल्या पाद्र्याच्या प्रोत्साहनानं वस्तीतल्या तरुणांनी ‘ला परान्झा’ ही सहकारी संस्था काढली, सान जेन्नारोच्या भुयारी दफनभूमीत दिवे लावले आणि स्वतःच गाइड झाले. आता तिथे नेणारं माणूस बाहेरचं नसतं. भुयारातल्या पाचव्या शतकातल्या बिशपबद्दल सांगता सांगता ते वर कुठे चांगली पेस्ट्री मिळते तेही सांगतं. मला या दोनशे वर्षांतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पट्टेवाल्याला अंगमेहनतीचे पैसे मिळत. या पोरांना आपल्या वस्तीबद्दल बोलण्याचे मिळतात.

मग दारं उघडतच गेली. एलेना फेरान्तेच्या नेपल्सवरच्या कादंबऱ्या वाचून लोक लुझात्ती नावाच्या साध्यासुध्या वसाहतीत जाऊ लागले. इथल्या संघाकडून खेळलेला फुटबॉलपटू मॅराडोना २०२० मध्ये गेला आणि स्पॅनिश क्वार्टर्समधलं त्याचं भिंतभर चित्र तीर्थक्षेत्र झालं. जिथे पाकीट सांभाळा म्हणून हॉटेलवाले बजावत, तिथे आता सेल्फीसाठी रांग लागते. दुसरीकडे पाँपेईला २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आणि नावानिशी तिकिटं. बाहेर दार लोटून घेतलं जातंय आणि आत गर्दी वाढतेय.

आतली ही गर्दी कुणाच्या जिवावर, हे गल्लीत कळतं. नेपल्सची गरिबाची खोली म्हणजे बास्सो: तळमजल्यावर, दार थेट रस्त्यावर, आत एकाच खोलीत पलंग, चूल, टीव्ही, देवाची तसबीर. वीस-पंचवीस जणांचा घोळका छत्रीवाल्या गाइडमागे थांबतो, तेव्हा आतल्या आजीबाई शेंगा सोलता सोलता फोटोत जातात. हल्ली यातले कितीतरी बास्सो रंगवून, एसी बसवून पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं दिले जातात आणि आजीबाईंसारख्या भाडेकरूंना जागा सोडायला सांगितलं जातं. ज्यांना शहराबाहेर काढून दाखवायचं ते आत आले, आणि बाहेर निघायची पाळी आतल्यांवर आली.