जेवण मोजकं, तरी पोट जड! चिंता आणि पचनाचं नातं आयुर्वेद कसं सांगतो?

नागपूर : परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं. घरात भांडण झालं की घास घशाखाली उतरत नाही. दिवसभर ऑफिसचा ताण डोक्यात असला की रात्री साधं वरण-भात खाऊनही पोट जड वाटतं. अशा वेळी बहुतेकांचा संशय आदल्या दिवशीच्या सावजीवर किंवा सकाळच्या तर्री-पोह्यावर जातो. तिखट-तेलाचा वाटा असतोच, पण ताटात काय होतं यासोबत जेवताना मनात काय होतं, हेही आयुर्वेद विचारतो. नेमकं काय आहे हे गणित?

चरकसंहितेत काय म्हटलं आहे?

आयुर्वेदात पचनाच्या केंद्रस्थानी ‘अग्नी’ आहे. खाल्लेल्या अन्नाचं शरीराला उपयोगी पडेल अशा रूपात परिवर्तन करणारी शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. हा अग्नी मंदावला की अन्न अर्धवट पचतं आणि त्यातून ‘आम’ तयार होतो, अशी मांडणी आहे.

अग्नी मंदावण्याचं कारण केवळ जास्त खाणं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे की, योग्य मात्रेत घेतलेलं पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध, गैरसोयीचं अंथरूण आणि जागरण यांमुळे पचत नाही. म्हणजे अन्न बरोबर, प्रमाणही बरोबर, तरीही अपचन होऊ शकतं.

भावनेनुसार परिणामही वेगळा मानला आहे. भय आणि शोकाने वात वाढतो, तर क्रोधाने पित्त. वात वाढला की अग्नी ‘विषम’ होतो, म्हणजे कधी नीट पचतं, कधी नाही. पित्त वाढलं की जळजळ, आंबट ढेकर अशा तक्रारी येतात.

भीतीचा अतिसार, त्यावर दिलाशाचा उपचार

यातला सर्वात लक्षवेधी भाग चिकित्सास्थानातील अतिसाराच्या अध्यायात आहे. चरकाने अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यातील चार दोषांनुसार आहेत, उरलेले दोन थेट भावनांच्या नावाने : भयामुळे होणारा आणि शोकामुळे होणारा. या दोन्हींवर वात शमवणाऱ्या उपचारांसोबत रुग्णाला आनंदित करणं आणि धीर देणं सांगितलं आहे. पोटाच्या आजारात दिलासा देणं हा उपचाराचाच भाग मानला आहे.

आधुनिक विज्ञान काय म्हणतं?

पोट आणि मेंदू यांच्यात दोन्ही बाजूंनी संदेश ये-जा करतात. आतड्यांच्या भिंतींमध्ये कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. ‘व्हेगस’ ही चेता हे जाळं मेंदूशी जोडते आणि तिच्यातले बहुतांश तंतू पोटाकडून मेंदूकडे माहिती नेतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिनही आतड्यांतच तयार होतं.

ताण आला की शरीर ‘लढा किंवा पळा’च्या तयारीत जातं आणि पचन मागे पडतं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून पोट जड वाटतं. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून परीक्षेच्या सकाळी शौचाला पुन्हा पुन्हा जावं लागतं. एकाच ताणाने दोन उलट तक्रारी का होतात, याचं उत्तर इथे आहे.

अमेरिकी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना हे थेट पाहायला मिळालं. १८२२ मध्ये गोळी लागलेल्या एका रुग्णाच्या जठराला कायमचं छिद्र राहिलं होतं. त्यातून केलेली निरीक्षणं बोमाँट यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केली. रागावर जठराची प्रतिक्रिया कशी बदलते, याचीही नोंद त्यात आहे. २०१६ च्या ‘रोम-४’ निकषांत आयबीएससारख्या आजारांना ‘आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार’ असं म्हटलं आहे.

अर्थात, ‘अग्नी’ म्हणजे अमुक एक पाचकरस किंवा ‘वात’ म्हणजे व्हेगस चेता, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. दोन्ही शास्त्रांची भाषा वेगळी आहे. निरीक्षण मात्र जुळतं.

जेवताना काय पाळायचं?

विमानस्थानाच्या पहिल्या दोन अध्यायांत जेवणाचे नियम आहेत. रोजच्या धावपळीत त्यातले हे सहज जमण्यासारखे :

- आधीचं जेवण पचल्यावरच पुढचं घ्यावं. घड्याळापेक्षा भुकेकडे लक्ष द्यावं.
- अन्न गरम, ताजं असावं.
- फार घाईत खाऊ नये, फार रेंगाळतही खाऊ नये.
- बडबड, हसणं टाळून जेवणात मन ठेवावं. आजच्या भाषेत, मोबाइल आणि टीव्ही बाजूला.
- पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा.

वादाचे विषय जेवणाच्या ताटावर न आणणं आणि रात्रीचं जागरण कमी करणं, हेही याच तर्कात बसतं.

‘टेन्शनमुळे झालं असेल’ म्हणून सोडू नका

या नात्याची दुसरी बाजूही आहे. पोटातल्या अल्सरचं खापर अनेक वर्षं ताणावर फोडलं गेलं. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असल्याचं दाखवलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. म्हणून प्रत्येक पोटदुखी मनावर ढकलणं धोक्याचं आहे.

शौचातून रक्त जाणं किंवा काळं शौच होणं, कारण नसताना वजन घटणं, गिळताना त्रास, सततच्या उलट्या, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेल्या तक्रारी असतील तर तपासणी टाळू नये. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्समध्ये ही सोय आहे.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असल्यास सक्करदऱ्यातील शासकीय आयुर्वेद रुग्णालयात किंवा नोंदणीकृत वैद्यांकडे जावं. इंटरनेटवरून मागवलेली भस्मं, चूर्णं स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. २००८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक ‘जामा’त आलेल्या अभ्यासात, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी तपासलेल्या सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं.

आणि चिंता किंवा शोक आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर केवळ पाचक चूर्णावर भागत नाही. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. धीर देणं हा उपचार आहे, हे चरकानेही सांगून ठेवलं आहे.