बुळकांडी गेली, हगवण राहिली

गुरांच्या कळपात झपाट्याने पसरणाऱ्या हगवणींपैकी सर्वांत भयंकर असलेली बुळकांडी भारतात १९९५ नंतर आढळली नाही आणि २०११ मध्ये ती जगातूनच हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन होऊन पुढे मुक्तेश्वरला हलविलेल्या प्रयोगशाळेतील शेळीजन्य लसीचा या यशात मोलाचा वाटा आहे. तथापि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, निफाडकडच्या गोठ्यांपुढे आजही उरतात ते कमी नाव झालेले, पण वासरांच्या जिवावर उठणारे विषाणू.

त्यांपैकी रोटा विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच वासराला गाठतो आणि लहान आतड्याच्या अस्तरावरील, अन्नरस शोषणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरील पेशी नष्ट करतो. त्यामुळे दुधातील साखर न पचता आतड्यात साचते, पाणी ओढून घेते आणि पातळ, पिवळसर हगवण सुरू होते. वासरू दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार घटल्यामुळे, म्हणून डोळे खोल जाऊ लागताच क्षारयुक्त पाणी पाजणे आणि पशुवैद्यकाला बोलावणे अत्यावश्यक ठरते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत भरपूर चीक पाजण्याला, म्हणजेच आईची प्रतिपिंडे, रोगाशी लढणारी प्रथिने, वासराला देण्याला पर्याय नाही.

गायींचा कोरोना विषाणू वासरांबरोबरच मोठ्या जनावरांनाही हिवाळ्यात रक्तमिश्रित हगवण लावतो व दूध एकाएकी घटवतो. मानवी कोविडचा विषाणू मात्र वेगळा आहे.