घरातला खर्ज आणि शेजाऱ्याची झोप



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत वेतन, बोनस, पाळ्या यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. आम्ही आज एका खोक्याविषयी बोलणार आहोत. हा खोका म्हणजे घरच्या ध्वनियंत्रणेतला सबवूफर. विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्या हातकणंगले तालुक्यात एका भिंतीआड गाणे चालते आणि दुसऱ्या भिंतीआड रातपाळी करून आलेला मागवाला झोपलेला असतो. तेथे तो क्षुल्लक राहत नाही.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. कंपने जितकी कमी, तितका स्वर खालचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सुमारे ७० कंपनांची असते. असा स्वर ऐकू यायला पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान स्पीकरला ते पेलत नाही, म्हणून ते काम वूफरकडे देतात. ही सरळ श्रमविभागणी आहे. आणि श्रमविभागणीत तंटा केव्हा होतो, हे आम्हाला ठाऊक आहे: एकच काम दोघे करू लागले म्हणजे, किंवा कोणीच करीनासे झाले म्हणजे.

वूफरच्या पाठीमागे बहुधा तीन खुंट्या असतात. लोक आधी आवाजाची खुंटी पिळतात. ती सर्वांत शेवटी फिरवायची असते.

पहिली गोष्ट जागेची. दहा फुटांच्या खोलीत खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून परततात. कोठे एकमेकींत मिळतात, कोठे एकमेकींना खोडतात. म्हणून एक युक्ती करावी. आपण जेथे बसतो तेथे वूफर ठेवावा, गाणे लावावे आणि भिंतीकडेने वाकून फिरावे. जेथे खर्ज भरीव पण स्वच्छ ऐकू येईल, तेथे वूफर न्यावा. कोपऱ्यात तो फुगतो. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला तर तो टेकवूच नये.

दुसरी गोष्ट हद्दीची. क्रॉसओव्हरची खुंटी वूफरने किती वरपर्यंत वाजावे हे ठरवते. बऱ्यापैकी मोठे स्पीकर असतील तर ८० हर्ट्झच्या आसपास, मुठीएवढे असतील तर १२० किंवा त्याहून वर. हद्द फार वर गेली तर निवेदकाचा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो. फार खाली गेली तर मध्ये पोकळी राहते. ॲम्प्लिफायर स्वतःच ही वाटणी करीत असेल, तर वूफरवरची खुंटी शेवटपर्यंत वर ठेवावी. एका शेताची मोजणी दोनदा करू नये.

तिसरी फेजची. दोघे गाडा ढकलत असताना एकाने उलट ओढला तर गाडा जागीच राहतो. स्पीकर आणि वूफर यांचेही तसेच होते. आपण जागेवर बसावे, घरातल्या कोणाला तरी बटण ० वरून १८० वर न्यायला सांगावे. ज्या बाजूस खर्ज अधिक भरतो, ती बरोबर. फरक कळत नसेल तर ० ठीक.

मग आवाज. शून्यापासून हळूहळू वाढवावा. ‘आता वूफर वाजतो आहे’ असे जाणवले की थोडे मागे यावे. डग्ग्याचा घुमारा तबल्याजवळूनच आल्यासारखा वाटला, कोपऱ्यातल्या खोक्यातून नव्हे, म्हणजे जमले.

एकदा आमच्याकडे दोन शेजाऱ्यांचा तंटा आला. तीस वर्षे मागावर काढलेल्या एका सोबत्याला दूरदर्शनवरचे शब्द कळत नव्हते, म्हणून मुलाने सगळ्याच खुंट्या वर नेल्या होत्या. पलीकडचा रातपाळीवाला रडकुंडीस आला. मागाच्या खडखडाटाने कान जातो, तो प्रथम वरच्या, ४,००० कंपनांच्या आसपासच्या स्वरांत. ‘स’, ‘श’, ‘थ’ ही अक्षरे पुसट होतात. खर्ज मात्र शाबूत राहतो. वर मोठा खर्ज शब्दांना झाकून टाकतो. आम्ही वूफर जवळजवळ बंद केला. शब्द थोडे उजळले; शेजारी झोपला. गेलेला कान परत आला नाही. त्यासाठी तपासणी आणि श्रवणयंत्रच हवे, आणि मुलाने मागावर जाताना कानात बोळे घालायला हवेत.

२००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे मोजमाप कानाच्या कलाने होते. ५० कंपनांच्या स्वराला त्यात सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते, आणि भिंत ओलांडण्यात तर खर्जच पटाईत. म्हणून आकडा कायद्यात बसला तरी शेजाऱ्याची खिडकी थरथरू शकते.

आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतली खोक्यांची भिंत. ज्या रे डॉल्बी यांचे ते नाव, त्यांनी १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्यासाठी! त्यांच्या नावाची एवढी तरी लाज आपण राखावी. खुंटी लावून झाली की दार ओढून बाहेर यावे, शेजाऱ्याच्या ओट्यावर क्षणभर उभे राहावे आणि ऐकावे. शेवटची खुंटी तेथे लागते.