हनुवटी एका बाजूला सरकतेय? ऑपरेशनची वेळ ठरवायला हाडांचा स्कॅन कशी मदत करतो

विशीतल्या एखाद्या मुलीची हनुवटी हळूहळू डावीकडे सरकू लागते. दात नीट जुळत नाहीत. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

यामागे 'कॉन्डिलर हायपरप्लासिया' असू शकतो. खालच्या जबड्याचं गोलसर टोक कानाच्या पुढे सांध्यात बसतं, त्याला कॉन्डाइल म्हणतात. एकाच बाजूचा कॉन्डाइल जास्त वाढत राहिला, तर हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. म्हणजे हनुवटी डावीकडे गेली, तर दोष बहुधा उजवीकडे!

ऑपरेशनने चेहरा सरळ करता येतो, पण खरी अडचण वेळेची आहे. वाढ चालू असतानाच नुसता जबडा सरळ केला, तर तो पुन्हा वाकडा होऊ शकतो. एक्स-रे हाडाचा आकार दाखवतो. ते आजही वाढतंय का, हे त्यात दिसत नाही.

त्यासाठी हाडांचा स्कॅन करतात. टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध शिरेतून देतात. जिथे नवं हाड तयार होतंय, तिथे ते जास्त साठतं. साधारण तीन तासांनी गॅमा कॅमेरा दोन्ही कॉन्डाइलची तुलना करतो. दोघांची बेरीज 100 धरली आणि एका बाजूला 55 किंवा जास्त आलं, तर तिथली वाढ चालू असल्याचा संशय घेतात.

नागपुरात मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जबड्याची तपासणी होते, पण या स्कॅनसाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं, त्यामुळे त्याचा साठा करता येत नाही. ते मॉलिब्डेनम-99च्या जनरेटरमधून जागेवरच काढतात. असे जनरेटर नवी मुंबईतली 'ब्रिट' ही सरकारी संस्थाही बनवते.

वाढ चालू असेल, तर कॉन्डाइलचा वरचा काही मिलिमीटर भाग काढून ती थांबवता येते. थांबलेली असेल, तर त्याला हात न लावता तारा आणि जबड्याच्या ऑपरेशनने चेहरा सरळ करतात.

मात्र एकट्या स्कॅनवर विसंबणं धोक्याचं आहे. सांध्याची सूज, जुना मार किंवा संसर्ग असला तरी आकडा वाढतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर दोन्ही बाजू सक्रिय असतात. म्हणून डॉक्टर जुने फोटो आणि दातांचे साचे पडताळतात, आणि शंका राहिली तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. गर्भवती असल्यास किंवा बाळाला अंगावर पाजत असल्यास ते आधीच सांगायला हवं.