समुद्रांतील समवयस्क

वाचकहो, शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आपल्या परिचयाची आहेच. सकाळीं हात धुण्यास आणलेल्या पाण्यांतून एक चिमुकला मासा मनूच्या हातीं लागतो आणि अभय मागतो. मनु त्यास प्रथम घटांत, मग खड्ड्यांत, आणि तेथेंही तो मावेनासा झाल्यावर समुद्रांत ठेवतो. ही कथा आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. परंतु बोटभर मासा पुढें माणसाहून मोठा होतो, हें प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस आला तो वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आणि तोही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर.

आमची कन्या व जावई लॉस एंजेलिस येथें असतात. गेल्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं आम्हांस कॅटलिना बेटावर नेलें. किनाऱ्यापासून हें बेट सुमारें पस्तीस किलोमीटर. बोटीनें तासाभराची वाट. तेथील ॲव्हलॉन गांवीं ‘कॅसिनो’ नांवाची १९२९ सालची गोल इमारत आहे. नांवावरून वाचकांनीं भलता तर्क करूं नये. तेथें जुगार चालत नाहीं, ती चित्रपटाकरितां व नृत्याकरितां बांधिलेली आहे. तिच्या पायथ्याचा समुद्र १९६५ पासून पाण्याखालचें उद्यान म्हणून राखून ठेविला असून तेथें मासे धरण्यास मनाई आहे.

कन्या व जावई पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधून खोल उतरणार होतीं. आम्ही कृष्णेच्या डोहांत पोहावयास शिकलेले खरे. पण या वयांत तें साहस नको, म्हणून डोळ्यांवर कांच आणि तोंडांत स्नॉर्केल, म्हणजे श्वास घेण्याची वांकडी नळी, धरून पृष्ठभागावरच राहावयाचें ठरलें. भर उन्हाळ्यांतही पाणी विसेक अंशांचेंच असतें, त्यामुळें अंगांत रबरी पोशाख चढवावा लागला. त्या वेषांत आम्हांस पाहून कन्येस हंसूं आवरेना. पाण्यांत शिरतांना मात्र ती गंभीरपणें म्हणाली, “अण्णा, मासा दिसला तर हातपाय मारूं नका. आपण पाठलाग केला कीं तो निघून जातो. आपण स्वस्थ राहिलों तर तोच पाहावयास येतो.”

तोंड पाण्यांत बुडवितांच खालीं एक अरण्य दिसूं लागलें. केल्प नांवाची ही तपकिरी समुद्रवनस्पति तळच्या खडकांस घट्ट धरून सरळ वर वाढते. अनुकूल काळीं एका दिवसांत दीडदोन फूटसुद्धां. तिच्या पानांतून उन्हाचे कवडसे तळापर्यंत उतरत होते आणि गॅरिबाल्डी नांवाचे भगव्या रंगाचे मासे त्यांतून निर्भयपणें हिंडत होते. असा बराच वेळ गेला. मग ज्याला आम्ही खडक समजून पाहत होतों, तो हळूच वळला.

तो होता जायंट सी बास. लांबी सहा फुटांहून कमी नसावी. अंग काळसर करडें, पोट फिकट, ओठ जाड, आणि दोन्ही कुशींवर काळे ठिपके. एवढा मोठा देह, पण हालचाल देवळांतल्या हत्तीसारखी संथ. आम्ही कन्येची सूचना आठवून निश्चल राहिलों. तो केल्पच्या दोन खोडांमधून वर आला, आमच्यापासून दोनअडीच वांवांवर थांबला, आणि त्याचा एक डोळा आमच्याकडे लागला. आम्ही त्यास पाहण्यास गेलों होतों. त्या क्षणीं मात्र परीक्षा आमची चालली आहे असें वाटलें. मिनिटभरानें तो पुन्हां छायेंत शिरला.

किनाऱ्यावर येतांच आम्हीं विचारलें, “याचें वय काय असेल?” जावई म्हणाले, “अण्णा, तें बाहेरून सांगतां येत नाहीं. कानांतील हाडावरचीं वर्तुळें मोजून वय कळतें, पण तें मेल्यावर. असा एक मासा शहात्तर वर्षांचा निघाला आहे.” म्हणजे तो आमच्या बरोबरीचा, कदाचित् वडीलही असूं शकेल! हा मासा बाल्यांत कांहीं इंचांचा, भगव्या रंगावर काळे ठिपके असलेला असतो. वयांत येण्यासच त्यास दहाबारा वर्षें लागतात. १९६८ सालीं ॲनाकापा बेटाजवळ गळाला लागलेल्या एका माशाचें वजन अडीचशें किलोहून अधिक भरलें होतें.

ज्यास वाढण्यास इतका काळ लागतो त्यास संपविण्यास फारसा लागत नाहीं. उन्हाळ्यांत हे मासे विणीकरितां ठराविक जागीं जमतात, आणि ती जागा एकदां कळली कीं सगळा मेळाच हातीं लागतो. कॅलिफोर्नियांतील त्यांची पकड १९३२ च्या सुमारास शिगेस पोंचली आणि पुढें झपाट्यानें ओसरली. ॲव्हलॉनचीं जुनीं छायाचित्रें पाहावीं, तर फांशीं दिल्यासारखा टांगलेला प्रचंड मासा आणि शेजारीं टोपी घातलेला ठेंगणा विजयी वीर, असेंच दृश्य पुनःपुन्हां दिसतें. शेवटीं १९८२ सालीं तेथील सरकारनें त्यांची शिकार बंद केली, आणि १९९४ पासून किनाऱ्याजवळ जाळ्यांचे पडदे लावण्यासही मनाई झाली. त्यानंतर ते हळूहळू पुन्हां दिसूं लागले. १९८२ मध्यें आम्ही नुकतेच शाळेंत रुजू झालों होतों. आमची सारी नोकरी संपेपर्यंत, एवढा काळ, या माशास केवळ निवांतपणा हवा होता.

आतांही लोक त्याचें छायाचित्र घेतात, पण जिवंतपणीं आणि त्याच्या घरीं. प्रत्येकाच्या कुशीवरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. पाणबुड्यांनीं पाठविलेल्या चित्रांवरून सांता बार्बरा येथील विद्यापीठांतील संशोधक एकेक मासा ओळखतात. आणि त्याची रीत मुळांत ज्योतिर्विदांनीं आकाशांतील तारकांची मांडणी ओळखण्याकरितां योजिलेली आहे. व्यवहारी वाचकांकरितां हिशेबही सांगतों. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चुकून जाळ्यांत सांपडून विकल्या जाणाऱ्या या माशांचें मोल वर्षाला साडेबारा हजार डॉलरांच्या आसपास, तर त्यांस पाहावयास येणाऱ्या पाणबुड्यांमुळें त्यांचें मोल सुमारें तेवीस लाख डॉलर!

आपल्याकडेही मालवण-तारकर्लीस आतां पुष्कळ कुटुंबें डोळ्यांवर कांच लावून पाण्यांत उतरतात. त्यांनीं कन्येची सूचना ध्यानांत ठेवावी: स्पर्श करूं नये, पाठलाग करूं नये, वाट पाहावी.

असो. जावयांनीं त्या दिवशीं घेतलेलें चित्र विद्यापीठाकडे गेलें, आणि त्याची एक प्रत आमच्या पोथ्यांच्या कपाटावर आली. घरांतील मुलें मनूची गोष्ट ऐकतांना पूर्वीं हटकून विचारीत, “एवढा मोठा मासा खरोखर असतो का हो, आजोबा?” आतां आम्ही उत्तर देत नाहीं, नुसतें कपाटाकडे बोट दाखवितों.