वायफाय सारखं तुटतंय? आधी चोर ओळखा

मे महिन्यात ताईकडे रायपूरला गेले होते. ताईचं घर उरला भागात आहे. बिलासपूर रोडकडचा हा कारखान्यांचा पट्टा. बिरगाव लागूनच आणि पुढे सिलतरा. रोलिंग मिलचे भोंगे, लोखंडाने भरलेले ट्रक आणि खिडकीच्या कठड्यावर रोज साचणारी काळी धूळ, हे तिथलं नेहमीचं चित्र.

मी पोहोचले त्या गुरुवारी भाचीचा नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, दुसरी फेरी. दार बंद, घरात सगळे चिडीचूप. पंधराव्या मिनिटाला आतून आवाज आला, ‘‘मावशी, परत गेलं गं!’’ लॅपटॉपचं वायफाय तुटलं होतं. जोडलं, पाच मिनिटांत पुन्हा तुटलं. समोरचे लोक समजूतदार निघाले. ‘सोमवारी पुन्हा बोलू’ म्हणाले.

म्हणजे हातात तीन दिवस होते. भाची रडवेली झाली होती. भाऊजींचा निकाल तयार होता, ‘‘हा सगळा समोरच्या मिलच्या भट्टीचा प्रताप आहे.’’ ताई म्हणाली, ‘‘लॅपटॉपच जुना झालाय, नवीन घेऊ या.’’ मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मी म्हटलं, पन्नास हजार खर्च करण्याआधी चोर नेमका कोण ते तर बघू.

संशयित तिघेच

वायफाय तुटतं तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो. बाहेरून येणारी लाइन, घरातला राउटर किंवा तुमचा लॅपटॉप. बहुतेक लोक हे न ओळखताच राउटर बंद-चालू करत बसतात. ओळखण्याची सोपी रीत अशी :

* लॅपटॉपचं नेट गेलं की त्याच जागी फोन हातात घ्या. फोनचा मोबाइल डेटा बंद करून फक्त वायफायवर व्हिडिओ लावा. फोन नीट चालला तर लाइन आणि राउटर बहुधा निर्दोष आहेत.

* फोनही बंद पडला तर राउटरचे दिवे बघा. फायबर कनेक्शनच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. हे काम कंपनीच्या माणसाचं आहे. तुम्ही लॅपटॉपशी झटापट करू नका.

* लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका. हा पत्ता राउटरच्या तळाशी स्टिकरवर असतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी लिहिलं की लॅपटॉप राउटरला सतत हाका मारत राहतो. मधेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागलं तर बिघाड घरातच आहे. राउटर दर वेळी उत्तर देतोय, तरी वेबसाइट उघडत नाहीत, तर बाहेरच्या लाइनकडे बघा.

आमच्याकडे लॅपटॉपच्या हाका अडकत होत्या आणि त्याच टेबलावर फोनचं गाणं सुरळीत सुरू होतं. भाऊजींना म्हटलं, ‘‘भट्टीमुळे वायफाय पडलं असतं तर फोनचंही पडलं असतं ना?’’ मिलची त्या क्षणी निर्दोष सुटका झाली.

वहीने पकडला चोर

शुक्रवारी भाचीला एक वही दिली. नेट तुटलं की वेळ लिहायची, खोली लिहायची आणि त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहायचं. संध्याकाळपर्यंत आठ नोंदी झाल्या. त्यातल्या सात नोंदी तिच्याच खोलीतल्या होत्या आणि सातही वेळा लॅपटॉप चार्जरवर नव्हता.

असं का? तर तिच्या खोलीत प्लगचा पॉइंट एकच. मे महिन्यातल्या रायपुरात तो पॉइंट कूलरचा! अभ्यास, इंटरव्ह्यू सगळं बॅटरीवर चालायचं.

बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप वायफायच्या कार्डाची ताकद कमी करतो, कधी कधी ते झोपवूनही टाकतो. सिग्नल मुळातच कमजोर असेल तर एवढ्यानेही जोडणी तुटते. विंडोजमध्ये हे थांबवता येतं. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे पॉवर मॅनेजमेंट हा भाग असेल, तर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढची खूण काढून टाका. काही लॅपटॉपमध्ये हा भाग दिसत नाही. मग निदान बॅटरी सेव्हर बंद ठेवा आणि महत्त्वाच्या कामाला चार्जर लावूनच बसा.

कपाट, कूलर आणि भिंती

पण सिग्नल कमजोर का होता? ताईचा राउटर बैठकीत लोखंडी कपाटावर, भिंतीला टेकून, वर कापड घालून ठेवलेला. धूळ बसू नये म्हणून! भाचीची खोली कपाटाच्या मागच्या बाजूला, दोन भिंतींपलीकडे. तिचं टेबल कूलरला खेटून.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. धातूवर आपटून त्या परततात. पाणी त्यांना शोषून घेतं. म्हणजे लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर, त्यातलं पाणी, पत्र्याचं छत, मोठा आरसा हे सगळे वायफायचे वैरी. म्हणून राउटर उंचावर, मोकळ्यावर आणि शक्य तितका घराच्या मध्यभागी ठेवा. त्याला झाकू नका, तो तापतो. आम्ही तो मधल्या पॅसेजमधल्या लाकडी फळीवर हलवला. फायबरची तार तिथपर्यंत पुरत होती. ती हलवताना एकदम मुडपू नका, आत काच असते. टेबलही कूलरपासून दूर सरकवलं. लॅपटॉपवर दोन दांड्या दिसायच्या, तिथे चार दिसू लागल्या.

२.४ की ५?

बहुतेक नव्या राउटरमधून दोन नेटवर्क निघतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांबवर पोहोचतं, पण त्यावर गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात. ५ वेगवान आणि कमी गर्दीचं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ घ्या. दोन भिंती मधे असतील तर २.४ वापरून बघा. दोन्हींचं नाव एकच असेल तर लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि मधे नेट अडकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं देता येतात. २.४ वर गर्दी असेल तर १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा चॅनल निवडा. हे तीन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत.

आणखी एक छुपा त्रास. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावली की तिच्या तारेतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होऊ शकतो. डिस्क काढल्यावर नेट सुधारलं, तर दोषी तीच.

तरीही तुटत असेल तर?

या क्रमाने जा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळतच नाही.

* वायफायच्या यादीत तुमच्या नेटवर्कवर ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा.

* व्हीपीएन असेल तर तात्पुरतं बंद करून बघा.

* वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ मिळतंय का ते बघा.

* शेवटचा उपाय नेटवर्क रीसेट. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, आधी लिहून ठेवा.

* लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. केबलवर उत्तम आणि वायफायवर रडगाणं, आणि बाकीची उपकरणं मात्र ठीक, तर वायफाय कार्ड खराब असू शकतं. यूएसबीचं छोटं वायफाय अडॅप्टर नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

व्होल्टेज खाली-वर होऊन राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. त्याचे व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत.

मदत मागताना सावध

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे बनावट नंबरही असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधलाच घ्या. ‘तुमचं नेट दुरुस्त करतो, हे अॅप टाका, स्क्रीन दाखवा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आणि सोमवारी…

इंटरव्ह्यूच्या दिवशी बाहेरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड खोलीत आणला आणि चार्जर लावला. भाऊजींनी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवला, कारण दुसरा रस्ता हवाच. ताईने घरातल्या टीव्हीचं नेट बंद केलं. चाळीस मिनिटं दार बंद होतं. आतून एकदाही ‘मावशी’ अशी हाक आली नाही.

बाहेर आली ती हसतच. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं? तिने वहीतल्या आठ नोंदींपासून कूलरच्या प्लगपर्यंत सगळं सांगितलं. पुढची दहा मिनिटं त्यावरच गप्पा रंगल्या.

निवडीचा मेल पंधरा दिवसांनी आला, तेव्हा मी परतले होते. ताईचा फोन आला. लॅपटॉपसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून भाचीच्या खोलीत दुसरा प्लग बसवून घेतला म्हणाली. उरलेले तिच्या नोकरीच्या गावच्या भाड्यासाठी ठेवलेत.