प्रिंटरची केबल घेताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारी नवा प्रिंटर आला. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी कचेरीत द्यावयाचा होता. खोके उघडून पाहतात तो यंत्र आहे, शाई आहे, विजेची दोरीही आहे. संगणकाला जोडावयाची केबल मात्र नाही! पुष्कळदा ती निराळीच घ्यावी लागते, ही गोष्ट त्या भल्या गृहस्थांना कोणी सांगितली नव्हती. ते भर पावसात तालुक्याला गेले, दुकानदाराने दिली ती केबल घेऊन आले, आणि ती प्रिंटरच्या खोबणीत शिरेना.

वाचकहो, यात यंत्राचा दोष नव्हता. घरगुती प्रिंटरला बहुधा 'यूएसबी ए ते बी' केबल लागते. तिचे एक टोक चपटे असते, ते संगणकात जाते. दुसरे जवळजवळ चौकोनी, वरचे दोन कोपरे किंचित उतरविलेले, ते प्रिंटरात. शेजाऱ्यांनी आणलेली केबल मात्र यूएसबी 3 ची होती. तिच्या चौकोनी टोकावर जणू आणखी एक मजला चढविलेला असतो. जुन्या पद्धतीचे टोक नव्या खोबणीत बसते. नव्या पद्धतीचे टोक जुन्या खोबणीत बसत नाही. महाग ती चांगली, हा हिशेब येथे चुकतो.

नव्या लॅपटॉपला कधी चपटी खोबण नसते, केवळ लहानशी लंबगोल 'सी' असते. तेथे 'सी ते बी' केबल मागावी. काही लहान प्रिंटरांना मोबाइलसारखीच केबल लागते. परंतु निव्वळ चार्जिंगच्या केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या तारा नसतात. दिवा लागतो, कागद हलत नाही, आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो! लांबीचाही मोह नको. यूएसबी 2 ला 5 मीटर ही मर्यादा आहे; घरी दोन मीटर पुष्कळ झाली. दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही खोबणींचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, हे सर्वांत सोपे.

शेजाऱ्यांची अडचण कळताच मी माळ्यावर चढलो. आमचा जुना प्रिंटर केव्हाच निकामी झाला होता, पण त्याची केबल धूळ खात पडली होती. यूएसबी 1996 साली आली, आणि प्रिंटरकडील ते चौकोनी टोक अजून तेच आहे. केबल पुसून जोडली. रात्री नऊच्या सुमारास अर्जाचे पहिले पान बाहेर आले.